शनिवारी बारापर्यंत उघडू नये

"मेड एन्ट्री बॅक साइड."

हे मी म्हणालो. मीच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

बाई टॅक्सीतून उतरली होती. काळी, उंच, पन्नाशीकडे झुकलेली. अंगात सुती झगा, पायांत साध्या चपला, हातात चाकांची बॅग. मी अरबाबच्या आर्ट गॅलरीच्या काचेच्या दारात उभा होतो. अरबाब म्हणजे आमचा मालक. गार्ड रजेवर होता आणि मॅनेजरनं मला बजावलं होतं, "आज घानाहून मोठ्या क्युरेटर येणार आहेत. दारात कुणी ऐरागैरा दिसता कामा नये." अरबाबच्या बंगल्यावर आफ्रिकेतल्या दोन बायका कामाला होत्या. काळी बाई म्हणजे कामाची बाई, एवढंच माझ्या डोक्यात. प्रदर्शन मांडायला येणाऱ्या मोठ्या क्युरेटर म्हणजे कुणीतरी गोरी असणार, हेही डोक्यातच.

ती थांबली. "नक्की?" तिनं विचारलं.

मी बोटानं रस्ता दाखवला. ती वळली. उन्हाळा सरत आला होता, पण दुपार अशी दमट की शर्ट पाठीला चिकटलेला. त्या उन्हात ती बॅग ओढत, कचऱ्याचे डबे ओलांडत, अख्ख्या इमारतीला वळसा घालून मागे गेली. मी बघत राहिलो. कामगिरी चोख बजावल्याचं समाधान होतं मला. आज ते लिहिताना किळस येते.

दहा मिनिटांनी मला मागे मालाच्या फाटकावर बोलावलं. ट्रकातून पेट्या उतरत होत्या. ती बाई एका पेटीजवळ उकिडवी बसून कागदाशी नंबर ताडून पाहत होती. मला बघून उठली. हात पुढे केला.

"एफुआ. क्युरेटर." मग म्हणाली, "तुम्ही बरोबर पाठवलंत. कलाकृती इथूनच आत येतात. मी कुठेही गेले की आधी मागचं दार बघते. त्यावरून कळतं, पुढे काय होणार आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. 

आता माझं सांगतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमची वाडी गावाच्या टोकाला. कुठल्या टोकाला ते आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. माझी आई खोतांचं खळं सारवायची. खळं म्हणजे घरापुढचं अंगण. चोपण्यानं चोपून घ्यायचं, मग शेणाचा काला करून हातानं सारवायचं. आईचा हात अर्धगोल फिरायचा, एकावर एक, सगळे सारखे. खोतीणबाई पाव्हण्यांना कौतुकानं दाखवायच्या, आमचं खळं बघा. एकदा लग्नासाठी आईनं दोन दिवस राबून ते सारवलं. मी आठ वर्षांचा, तिच्याबरोबर. काम झालं, खळं वाळलं, आम्ही घरी निघालो. सरळ खळ्यावरून फाटक वीस पावलं होतं. मी धावलो. खोतीणबाई पडवीतून ओरडल्या, "अगो, त्याला धर. मागनं ने. आत्ता सारवलंय ना."

आईनं माझं बखोट धरलं. गोठ्यामागून, चिखलातून, वळसा घालून नेलं. जे तिनं स्वतःच्या हातानं सारवलं, त्यावर तिचा पाय चालत नव्हता. हात चालत होता. मी घरी जाऊन विचारलं, असं का? आईनं भाकरी वाढली.

आणि त्या बाईचा मुलगा बहारीनमध्ये काचेच्या दारात उभा राहून म्हणतो, मेड एन्ट्री बॅक साइड.

आयटीआयला सुतारकाम शिकलो. इथं आलो तो मआमीरजवळच्या फर्निचरच्या कारखान्यात. मग पेट्या बनवायला लागलो, चित्रांच्या, मूर्तींच्या पेट्या. अरबाबनं गॅलरी काढली तेव्हा तिथे घेतलं. पेटी उघडणं, कलाकृती बाहेर काढणं, टांगणं, परत बांधणं. हात माझा बसलेला आहे, हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

मॅनेजर आपल्याच पुण्याचा. पहिल्याच दिवशी खूश झाला. "वा, मराठी माणूस. आडनाव काय?" मी सांगितलं. "गाव?" सांगितलं.  मग "अच्छा, अच्छा." दुसऱ्या दिवसापासून पॅन्ट्रीत माझा चहाचा मग वेगळा, हिरवा. बाकी सगळे एका ट्रेमध्ये, तो सिंकखाली.  समुद्र ओलांडून आलो, हिरवा मग आधीच येऊन बसला होता. सहा वर्षं त्याच मगातून चहा प्यायलो. मूग गिळून नव्हे, चहाच. पण गिळलंच.

एफुआबरोबर काम सुरू झालं. ती इंग्रजी बोलायची, मी माझं मोडकंतोडकं. ती मला मिस्टर लावून हाक मारायची. पहिल्यांदा मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणते ते.

आमच्या कामात एक शिस्त असते. पेटी आली की लगेच उघडायची नाही. बाहेर भट्टी, आत एसीचा गारठा. लाकूड, रंग, कापड यांना त्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ द्यायचा. साध्या पेटीला एक दिवस, नाजूक असली तर दोन. मग उघडायची. टॉर्च तिरपा धरून प्रत्येक ओरखडा, प्रत्येक चीर शोधायची, फोटोवर खूण करायची, कागदावर लिहायचं. त्याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. खाली दोन सह्या. उघडणाऱ्याची आणि क्युरेटरची. वस्तू कुणाच्या हातात बिघडली याचा फैसला त्या कागदावर होतो. उघडणाऱ्याच्या रकान्यात इतकी वर्षं मॅनेजर सही करायचा. उघडायचो मी.

एफुआनं पहिल्याच पेटीला पेन माझ्या हातात दिलं. "उघडलं कुणी?"

"मी."

"मग सही तुमची."

मॅनेजर बाजूलाच उभा होता. हसला. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

टॉर्च धरून आम्ही तास न् तास काम करायचो, तेव्हा ती बोलायची. सुरुवातीला तिच्या देशातल्या एका म्युझियममध्ये काचा पुसायची आणि वस्तूंच्या खालची लेबलं टाइप करायची. परदेशातून एक तज्ज्ञ आला, त्यानं तिच्याकडून महिनाभर माहिती लिहून घेतली आणि पुस्तक स्वतःच्या नावावर काढलं. मग ती शिकायला युरोपात गेली. तिथे एका म्युझियमच्या तळघरात नोकरी. तळघरात तिच्याच देशातल्या वस्तू, नंबर लावून ठेवलेल्या. अकरा वर्षं साहाय्यक. तिच्यानंतर आलेले वर गेले. शेवटी राजीनामा टाकून घरी परतली आणि एका बंद पडलेल्या गोदामात पहिलं स्वतःचं प्रदर्शन केलं. त्यानंतर बोलावणी सुरू झाली. "आता पोस्टरवर माझं नाव असतं," ती म्हणाली, "आणि दारात विचारतात, तू कोण?"

मी खाली बघितलं. टॉर्चही खाली झुकला.

"टॉर्च नीट धरा," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिला आईचं सांगितलं. खळं, चिखल, वळसा, सगळं. वाटलं, समजून घेईल, दोन गोड शब्द बोलेल. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"मग निदान तुम्ही तरी मला मागे पाठवायला नको होतं," ती म्हणाली आणि पुढची खूण करायला लागली.

बरोबर होतं. तरी झोंबलं.

शेवटची पेटी कस्टममध्ये अडकली होती. ती गुरुवारी दुपारी आली. प्रदर्शनाचा जीव त्या पेटीत होता. तिच्या देशाच्या उत्तरेकडची एक म्हातारी, तिनं जन्मभर घरांच्या भिंती लिंपल्या. माती, शेण, वरून शेंगा उकळून काढलेलं पाणी. कुणी त्याला कला म्हटलं नाही. एफुआ आठ वर्षं तिच्याकडे जात राहिली, तेव्हा कुठे म्हातारी लाकडी फळ्यांवर लिंपायला तयार झाली. सात फळ्या. त्या पहिल्यांदाच गावाबाहेर पडल्या होत्या. एफुआच्या देशात नवं म्युझियम उभं राहत होतं, त्याच्या प्रमुखपदासाठी तिचं नाव पुढे होतं. "या फळ्या इथून धड परत गेल्या तर," ती म्हणाली. एवढंच. पुढचं मला कळलं.

तिनं स्वतःच्या हातानं पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शनिवारी बारापर्यंत उघडू नये. शुक्रवारी गॅलरी बंद असते, असं मॅनेजरनं तिला सांगितलं. ती हॉटेलवर गेली.

शुक्रवारी सकाळी नऊला मला मॅनेजरचा फोन. "यल्ला, ये लवकर. अरबाबचे पाहुणे येतायत."

गेलो. इमारतीत आम्ही दोघंच. एसी नेहमीपेक्षा गार केलेला, पाहुण्यांसाठी. मॅनेजर पेटीपाशी उभा. "उघड."

"सर, उद्या बारापर्यंत नाही उघडायची."

"तू क्युरेटर आहेस का?"

"नाही."

"मग उघड."

मी स्क्रू काढले. एकेक करून, सगळे. हे लपवणार नाही. दहा वाजता झाकण उतरवलं आणि तो वास आला. शेण-मातीचा. बहारीनमध्ये, त्या काचेच्या दालनात.  फळ्यांवर म्हातारीच्या बोटांच्या खुणा होत्या. अर्धगोल, एकावर एक, सगळे सारखे.

पाहुणे आले, फोटो काढले, खजूर खाल्ले, गेले. फळ्या भिंतीला टेकवून तशाच. बारा वाजून गेल्यावर पहिला आवाज आला. टक्. लहानसा, नखं कापल्यासारखा. मॅनेजरनं माझ्याकडे पाहिलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्. आम्ही दोघं उभे होतो आणि ती माती आमच्या डोळ्यांदेखत उलत होती. लाकूड आकसत होतं, मातीचा नाइलाज होता. दुपार उलटेपर्यंत तिसऱ्या फळीवर वीतभर चीर, पाचवीवर दोन.

मॅनेजर खुर्चीवर बसला. घाम पुसला. आणि मग त्याचा चेहरा एकदम शांत झाला. तो मला जास्त भयानक वाटला.

"हे बघ. उद्या ती यायच्या आत एवढं भरून टाक. पुट्टी मी आणतो. तुमच्या लोकांना सारवायचं काय शिकवायचं? आया-बायांनी जन्म घातलाय त्यात."

मी फळीकडे बघत होतो.

"तरी तिला दिसलंच तर रिपोर्टवर लिही, पेटी शनिवारी बाराला उघडली, चिरा आधीच्याच होत्या. मुळात तिकडचं पॅकिंग खराब होतं. खलास."

"मग तिचं काय होईल, सर?"

"ती जाईल तिच्या देशात. त्या काळीसाठी तू स्वतःची नोकरी घालवणार आहेस का? व्हिसा कुणाच्या हातात आहे, माहितीये ना? तुझी बायको, मुलगी इथे आहेत. विचार कर. आपल्याकडचा आहेस म्हणून सांगतोय."

आपल्याकडचा. सहा वर्षांत पहिल्यांदा मी आपल्याकडचा झालो.

घरी आलो, गुदैबियात. बायको सलमानियात एका इस्पितळात आयाचं काम करते. दिवसपाळी करून नुकतीच आली होती. मी हात धुतले, परत धुतले. वास जाईना. की मलाच जाऊ द्यायचा नव्हता, कुणास ठाऊक.

"काय झालाय तरी काय?" तिनं विचारलं. "आल्यापासून तोंडातून शब्द नाय तुमच्या."

मी सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. 

"पोरीची शाळा हाय," ती म्हणाली. "तुमचा व्हिसा गेला की तिचा पन गेला."

"माहीत आहे."

"मी सही करा म्हनत नाय. करू नका पन म्हनत नाय. तुमच्या जिवाला काय वाटतं ते मला नका विचारू."

पोरगी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. अभ्यासातून मान वर न काढता म्हणाली, "डिड यू टेल दॅट लेडी सॉरी? फॉर द डोअर?"

मी तिला दाराचं कधी सांगितलं होतं, आठवेना. बायकोला सांगताना ऐकलं असणार. सॉरी मी म्हटलंच नव्हतं. आईची गोष्ट सांगितली होती. स्वतःचं दुखणं पुढे करून माफीतून सुटलो होतो. तेरा वर्षांच्या पोरीला ते दिसलं आणि मला दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग होता, वर्षानुवर्षांचा. कुणावर ते आता स्पष्ट होतं: वळसा घालायला लावणाऱ्या प्रत्येकावर, त्यात मीही.

शनिवारी सकाळी आठला मी गॅलरीत. मॅनेजरनं पुट्टी, ती फिरवायचा पत्रा, मातकट रंगाचा डबा, सगळं मांडून ठेवलं होतं. त्याच्या हुशारीची कमाल. "बस, कर सुरू," म्हणून तो ऑफिसात गेला. दालनातला कॅमेरा रोज काचेच्या दाराकडे असतो, तो आज पुट्टी भरणारा दिसावा असा वळवलेला होता. माझ्याकडे.

मी तिसऱ्या फळीपुढे बसलो. चीर म्हातारीच्या बोटांच्या खुणांमधून आरपार गेली होती. पुट्टी भरायची तर त्या खुणांवरूनच पत्रा फिरवायचा. मला येत होतं. उत्तम येत होतं. कुणाला ओळखू आलं नसतं. आईनं शिकवलेला हात आईसारख्याच बाईचा हात पुसायला वापरायचा, एवढंच काम होतं.

डब्याचं झाकण उघडलं नाही. बारापर्यंत तसाच बसून राहिलो.

एफुआ बाराला आली. फळ्या बाहेर बघून दारातच थांबली. चिरा भरलेल्या नाहीत हे पाहून मॅनेजर पुढे झाला, तोंडभर दिलगिरी. "मॅडम, बॅड न्यूज. आत्ताच उघडली. आतमध्ये अशीच होती." त्यानं टाइप केलेला रिपोर्ट तिच्या हातात ठेवला. उघडणाऱ्याचा रकाना रिकामा होता. पेन माझ्यापुढे धरलं. "कर रे सही."

"नाही," मी म्हणालो.

मराठीत म्हणालो. मग तिलाही कळावं म्हणून इंग्रजीत म्हणालो.

मॅनेजरचा हात तसाच हवेत. मी खिशातून कोरा फॉर्म काढला, सकाळीच घेऊन ठेवलेला. जमिनीवर बसून लिहिला. पेटी शुक्रवारी सकाळी दहाला उघडली. क्युरेटरची सूचना पेटीवर लिहिलेली होती. मॅनेजरच्या सांगण्यावरून उघडली. चिरा बारानंतर पडल्या. तिसरी फळी, पाचवी फळी. फोटोवर खुणा केल्या. माझं इंग्रजी चुकलं असेल, वेळ चुकलेली नाही.

एफुआनं वाचलं. फळीपाशी गेली, चिरेला हात न लावता बघितलं. खूप वेळ. मग वळली.

"स्क्रू कुणी काढले?"

"मी."

"तेही लिहा."

लिहिलं. स्क्रू मी माझ्या हातानं काढले. मग सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. ज्या आडनावानं माझा मग हिरवा झाला, ते सगळ्यात मोठं लिहिलं. तिनं शेजारी सही केली. तिनं धन्यवाद म्हटलं नाही आणि मला ते नकोच होतं.

"दाराबद्दल सॉरी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "ठीक आहे" नाही म्हणाली.

मॅनेजर एकच वाक्य बोलला, मराठीत, हळू आवाजात. "तुम्हा लोकांना डोक्यावर घेतलं की हे असं होतं." मग फोन घेऊन बाहेर गेला. काचेतून दिसत होतं, तो कुणाशी तरी बोलतोय आणि मान डोलावतोय.

तिनं कागदाचे फोटो काढून तीन ठिकाणी पाठवले. मूळ प्रत माझ्याकडे दिली. मी विचारलं, आता काय होईल? तिनं बॅग उचलली. "प्रदर्शन बंद होईल. म्हणतील, भांडकुदळ बाई आहे. म्हातारीला मला समोर जाऊन सांगावं लागेल. म्युझियमच्या नेमणुकीचं पत्र बहुतेक येणार नाही. कागद खरा आहे म्हणून आपण जिंकू असं समजू नका."

संध्याकाळी माझं गेटकार्ड चालेना. लाल दिवा. टूलबॉक्स आत राहिला. रात्री मॅनेजरचा मेसेज आला: उद्या सकाळी आठला सीपीआर कार्ड, गेटकार्ड आणि तो कागद घेऊन ये. मालाच्या फाटकानं ये. खाली आमच्या गल्लीत एक काळी गाडी उभी होती, इंजिन चालू. असेल दुसऱ्या कुणाची. मी खिडकीतून दोनदा पाहिलं.

आत्ता रविवारचे सकाळचे साडेसहा वाजलेत. बायको डबा भरतेय, नेहमीसारखा. सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, खिशात आहे. कागद मी नेणार नाही, तो आमच्या पोरीच्या दप्तरात आहे, तिनंच मागून घेतला. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आज मला काढतील. कदाचित त्याहून वाईट करतील. आरोप लावतील, फळ्या मीच मोडल्या म्हणतील, फळीपुढे पुट्टीचा डबा घेऊन बसलेला मी कॅमेऱ्यात दाखवतील. चालेल. मी आठला तिथे असेन. मालाच्या फाटकावर नाही. काचेच्या दारात, जिथे उभं राहून मी तिला मागे पाठवलं, तिथेच. त्यांनी दार उघडलं नाही तर उन्हात उभा राहीन. दुपार झाली तरी उभा राहीन. इमारतीला वळसा घालणार नाही.